बदामी-हंपी: पहिल्यांदाच स्वतःची सहल आखणाऱ्यांसाठी

"भारत बघायचाय, पण यात्रा कंपनीबरोबर नको. सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी बदामी-हंपी सांगते. जयपूर, आग्रा, केरळ कुठे पळून जात नाहीत. पहिल्यांदा स्वतः तिकीट काढायचं, स्वतः खोली शोधायची, रिक्षावाल्याशी स्वतः घासाघीस करायची, तर त्यासाठी जागा अशी हवी की फार लांब नाही, जेवणाचे हाल नाहीत आणि काही बिनसलंच तर एका रात्रीत घरी परतता येईल. उत्तर कर्नाटकात हे सगळं जमतं. भाकरी मिळते, झुणक्याच्या जवळ जाणारं काहीतरी मिळते, आणि बघायला सहाव्या शतकातल्या लेण्यांपासून सोळाव्या शतकातल्या विजयनगरच्या राजधानीपर्यंत हजार वर्षांचा ऐवज आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मुक्काम दोनच करा. बदामीत दोन रात्री, हंपीत तीन. याच आठवड्यात विजापूर, हुबळी, गोकर्ण, जमलं तर मुर्डेश्वर असं कोंबायला गेलात की निम्मी सहल बॅगा भरण्यात आणि बस स्टँडवर जाते. आणि क्रम बदामीकडून हंपीकडे ठेवा. हंपीचा पसारा आधी पाहिला की बदामीची लेणी उगाच लहान वाटायला लागतात, आणि तो बदामीवर अन्याय आहे.

आधी तारखा

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. मार्चपासून हंपीचे खडक तापायला लागतात आणि एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दुपारी बारा ते चार खोलीतच बसावं लागतं. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो, पण तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की नदीकाठची पायवाट आणि होड्या दोन्ही बंद पडतात.

दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्या टाळता येत नाहीत. त्यांच्या आधी म्हणजे सकाळी लवकर पोचणं एवढंच आपल्या हातात असतं. पौष पौर्णिमेच्या सुमाराला बदामीजवळ बनशंकरीची मोठी जत्रा भरते. ती बघायला जायचं असेल तर उत्तमच, नाटक कंपन्यांचे तंबू आणि रात्रभर चालणारी कन्नड नाटकं दुसरीकडे मिळणार नाहीत. पण खोल्या आधी घ्या.

शुक्रवारी रात्री निघणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. शनिवार-रविवार बदामीत जातो आणि हंपी सोमवार ते गुरुवारात येते, म्हणजे बेंगळुरू-हैदराबादहून येणारी शनिवार-रविवारची गर्दी चुकते. शिवाय पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, तीही अडचण राहत नाही.

तिकीट

रेल्वेच्या ॲपवर 'हंपी' टाकाल तर स्टेशन सापडणार नाही. हंपीचं स्टेशन होसपेट, तिथून हंपी साधारण १३ किलोमीटर. 'हंपी एक्स्प्रेस' नावाची गाडी आहे खरी, पण ती हुबळी-म्हैसूर धावते. तिच्या नावावर जाऊ नका.

आपल्या कामाची गाडी म्हणजे मुंबई सीएसएमटी ते होसपेट एक्स्प्रेस. ती पुणे, सोलापूर, विजयपुरा (विजापूर), बागलकोट करत बदामीला येते आणि पुढे गदग, कोप्पळवरून होसपेटला जाते. रात्री मुंबई-पुण्यात बसायचं, दुसऱ्या दिवशी बदामीत उतरायचं आणि दोन दिवसांनी त्याच नावाच्या गाडीने पुढे जायचं. कोल्हापूर-सांगली-मिरजकरांना तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्स्प्रेस थेट होसपेटला सोडते. त्यांनी क्रम उलटा करायचा किंवा गदगला उतरून बदामीकडे वळायचं. गोव्याहून अमरावती एक्स्प्रेस होसपेटवरून जाते, पण ती रोज नसते. वेळा बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशीचं वेळापत्रक बघा, कुणीतरी लिहिलेलं जुनं नको.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून ठेवा. तत्काळचं ऑनलाइन तिकीट आता त्याशिवाय मिळत नाही. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला. नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ आरएसी आणि वेटिंग यांत होतो. आरएसी असेल तर गाडीत बसता येतं, बर्थ मात्र दोघांत एक. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात; ते घेऊन आरक्षित डब्यात चढायचं नाही. टीसी ऐकून घेत नाहीत, आणि का घ्यावं?

जायचं, मधलं आणि यायचं अशी तिन्ही तिकिटं एकाच बैठकीत काढा. परतीचं "बघू तिकडे गेल्यावर" म्हणणाऱ्यांना शेवटी हुबळी गाठून मिळेल ती बस पकडावी लागते. तसा पर्याय म्हणून हुबळी वाईट नाही, तिथून पुण्यासाठी रात्रीच्या बस आणि आठवड्यातले काही दिवस वंदे भारतही आहे.

मुक्काम कुठे

बदामीत फार विचार करू नका. गावातल्या मुख्य रस्त्यावर, बस स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरात लॉज आहेत. जरा ऐसपैस हवं असेल तर कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयूर चालुक्य आहे. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे, तेवढी रिक्षा करावी लागते.

हंपीत मात्र कुठे राहता त्यावर सहल ठरते. चार पर्याय आहेत. विरूपाक्ष मंदिराजवळच्या हंपी गावात घरगुती खोल्या मिळतात, साध्या असतात, पण पहाटे उठून पायीच देवळात किंवा टेकडीवर जाता येतं. या गावात मांसाहार आणि दारू मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या. कमलापूर राजवाड्याच्या बाजूला आहे, तिथे महामंडळाचं मयूर भुवनेश्वरी आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर हे बरं. होसपेट शहरात लिफ्टवाली हॉटेलं आहेत, पण रोज जाऊन-येऊन तासभर मोडतो आणि नेमकी सकाळची वेळ हातची जाते. नदीपलीकडे आनेगुंदी आणि सानापूरकडे भातशेतीत होमस्टे आहेत; तरुण मंडळींचा ओढा तिकडे असतो. पूर्वी लोक विरुपापूर गड्डीच्या गेस्टहाउसांची नावं सांगायचे, ती २०२० मध्ये पाडली गेली. जुन्या माहितीच्या भरवशावर तिथे खोली शोधू नका.

मी सांगेन हंपी गाव. पंखा आवाज करतो, गरम पाणी बादलीत येतं, पण दार उघडलं की गोपुर दिसतं.

बदामीचा पहिला दिवस

गाडीतून उतरून आंघोळ-जेवण उरकलं की पहिल्या दुपारी लेणी बघून होतात. चालुक्यांची ही राजधानी, वातापी. तांबड्या खडकात एकावर एक चार लेणी आहेत आणि मधे पायऱ्या. पहिलं लेणं शैव. दाराशीच अठरा हातांचा नटराज आहे. कुठलेही दोन हात धरा आणि बाकीचे नजरेआड करा, प्रत्येक जोडीतून नृत्याची वेगळी मुद्रा तयार होते. लहान मुलांना हा खेळ द्या, अर्धा तास बिनतक्रार जातो. तिसरं लेणं सगळ्यात मोठं, वैष्णव. मंगलेश राजाच्या शिलालेखामुळे त्याचं साल पक्कं माहीत आहे, इसवी सन ५७८. तिथे खांबांच्या माथ्यावरच्या तिरक्या दगडी आधारांमध्ये कोरलेली जोडपी बघायला मान वर करा; बहुतेक लोक समोरच्या मोठ्या मूर्तींचे फोटो काढून निघून जातात. चौथं लेणं जैन, लहान आणि शांत.

माकडं! खाण्याची पिशवी, थंड पेयाची बाटली, हातात लोंबकळणारं काहीही लेण्यांकडे नेऊ नका. बदामीची माकडं चष्म्यावरही हात टाकतात. पाण्याची बाटली पाठीवरच्या बॅगेत, चेन बंद.

संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या काठाने पलीकडच्या टोकाला भूतनाथ मंदिरापर्यंत चालत जा. मंदिराचं तोंड तळ्याकडे, म्हणजे मावळतीकडे आहे; शेवटचा तासभर दगड तांब्यासारखा चमकतो. तळ्याच्या घाटावर बायका कपडे धूत असतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

दुसरा दिवस: ऐहोळे, पट्टदकल, बनशंकरी

पट्टदकल बदामीहून २२ किलोमीटर, ऐहोळे ३५ च्या आसपास. पट्टदकलला बस मिळते, ऐहोळेच्या कमी आहेत. दोन्ही एका दिवसात हवीत तर दिवसभरासाठी रिक्षा किंवा गाडी ठरवा. ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या: कुठली ठिकाणं, परत किती वाजता, थांबण्याचे पैसे धरून की वेगळे, आणि माणसं किती. लॉजवाल्याला आधी चालू दर विचारा, मग स्टँडवर जा. सकाळी सातला निघालात तर ऊन चढायच्या आत ऐहोळे होतं.

आधी लांबचं ऐहोळे, मग परतताना पट्टदकल. अंतराच्या दृष्टीने हे सोयीचं आहेच, पण बघण्याच्या दृष्टीनेही. ऐहोळेत कारागीर अजून चाचपडताहेत: लाडखान मंदिर एखाद्या सभागृहासारखं सपाट, दुर्ग मंदिराची पाठ गोल. हे दुर्ग म्हणजे दुर्गादेवी नाही हं. जवळच्या तटबंदीवरून नाव पडलं. पट्टदकलला पोचेपर्यंत हात बसलेला दिसतो.

ऐहोळेत बहुतेक गाड्या दुर्ग मंदिराच्या आवारातूनच मागे फिरतात. तुम्ही मेगुती टेकडी चढा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. वरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रवीकीर्ती या कवीचा इसवी सन ६३४ चा लेख आहे. चालुक्य राजा पुलकेशी दुसरा तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या ९९,००० गावांचा अधिपती झाला, असं त्यात कोरलंय. आपल्या प्रदेशाचं नाव दगडावर इतक्या जुन्या काळी उमटलेलं बघायला मराठी माणसाने टेकडी चढायला काय हरकत आहे?

पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हिरवळीवर देवळं अशी शेजारीशेजारी उभी आहेत की वेगळं पुस्तक वाचावं लागत नाही. ज्याचं शिखर बाहेरच्या कडा आत वळवत सरळ वर जातं ते उत्तरेकडचं नागर, जसं गळगनाथ. ज्याचं शिखर मजल्यामजल्यांनी चढतं ते दक्षिणेकडचं द्राविड, जसं विरूपाक्ष आणि मल्लिकार्जुन. विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने बांधवलं, पती विक्रमादित्य दुसरा याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी पाहिलंय त्यांना इथे आल्यावर काहीतरी ओळखीचं वाटत राहील. दोन्हींतलं साम्य अभ्यासकांनीही नोंदवलंय. पुरातत्त्व खात्याचा किंवा पर्यटन विभागाचा ओळखपत्रधारी वाटाड्या कुठे घ्यावा असं विचाराल तर इथे घ्या. तासाभरात भिंतींवरची रामायण-महाभारतातली दृश्यं उलगडून सांगतात.

जेवण बनशंकरीला. बदामीहून पाच किलोमीटरवरचं हे मंदिर अनेक मराठी घरांचं कुलदैवत आहे, त्यामुळे आवारात मराठी कानावर पडतंच. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात: ज्वारीच्या पातळ, कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, एखादी उसळ, वांग्याची भाजी आणि छोट्या मडक्यातलं घट्ट दही. ताट नाही, भाकरीवरच सगळं वाढतात. किती घ्यायचं ते आधी सांगा, नाहीतर प्रेमाने वाढतच राहतात आणि हिशोबही तसाच वाढतो.

वेळ उरला आणि घरातल्या बायकांचा हट्ट असला तर गुळेदगुड्ड गावाकडे वळा. ओटीत घालायचा खण या गावच्या मागांवरचा. इरकली लुगड्यांचं इळकलही याच बागलकोट जिल्ह्यात आहे, पण ते आडवळणाला पडतं. तेवढ्यासाठी ऐहोळे घाईत उरकू नका. अमीनगडचा करदंट (डिंक, गूळ आणि सुकामेव्याची वडी) मात्र बदामीतच मिळतो.

बदामीहून होसपेट

सकाळची गाडी सोयीची. चुकली तर बसने गदगला जा आणि तिथून होसपेटची बस किंवा रेल्वे पकडा. गदगजवळ लक्कुंडीला कल्याणी चालुक्यांच्या काळातली सुरेख मंदिरं आहेत, पण ती गाडी करून फिरणाऱ्यांसाठी. सामान घेऊन बस बदलणाऱ्यांनी मोह आवरावा.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, कधी आकडेही. लाजू नका, कंट्रोलरला गावाचं नाव सांगा, तो फलाट दाखवतो. कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे. ती सवलत त्या राज्याच्या रहिवाशांसाठी, आपल्याला तिकीट काढावंच लागतं. 'एष्टु?' म्हणजे किती, 'नीरु' म्हणजे पाणी, 'ऊटा' म्हणजे जेवण, 'साकु' म्हणजे पुरे, 'बेडा' म्हणजे नको. एवढ्यावर भागतं. अनोळखी माणसाला 'अण्णा' आणि बाईला 'अक्का' म्हटलं की पुढचं हिंदीत चालतं.

हंपी: पहिली संध्याकाळ

होसपेट बस स्टँडवरून हंपीच्या बस थोड्याथोड्या वेळाने सुटतात. सामान टाका, चहा घ्या आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी हेमकूट टेकडीवर जा. चढ इतका सौम्य की साठी ओलांडलेलेही सहज येतात. खाली विरूपाक्षाचं गोपुर, समोर जुना बाजार, चहूकडे एकमेकांवर रचल्यासारखे धोंडे. पहिल्या संध्याकाळी एवढंच. हंपीचा विस्तार इथून नजरेत बसतो आणि दुसऱ्या दिवशी नकाशा समजायला लागतो.

नकाशा असा: उत्तरेला नदीकाठी देवळं, दक्षिणेला तीन-चार किलोमीटरवर कमलापूरच्या बाजूला राजवाड्यांचा भाग, आणि नदीपलीकडे आनेगुंदी. तीन भाग, तीन दिवस. एका दिवसात सगळं दाखवतो म्हणणारा रिक्षावाला खोटं बोलत नसतो, तो दाखवतोही. फक्त तुम्हाला दिसत काही नाही.

हंपीचा दुसरा दिवस: नदीकाठाने विठ्ठल मंदिर

पहाटे विरूपाक्षाचं दर्शन घ्या. हे जागतं देऊळ आहे, विजयनगरचं राज्य बुडाल्यावरही इथली पूजा चालू आहे. आत पुजाऱ्याला विचारून गोपुराची उलटी सावली बघा. गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या झरोक्यातून उजेड येतो आणि पलीकडच्या भिंतीवर गोपुर डोकं खाली करून उमटतं. कॅमेऱ्याचं तत्त्व शाळेत शिकलोय आपण सगळे, तरी तिथे उभं राहिल्यावर लोक मागे वळून झरोका तपासतातच.

मग बाजाराच्या पूर्व टोकाकडे चालत निघा. कोदंडराम मंदिर, अच्युतराय मंदिर, नदीच्या कडेने खडकांमधून जाणारी वाट, पुढे पुरंदरदास मंडप आणि तुळा (राजाला तोलायची दगडी कमान). दोनेक किलोमीटर अंतर आहे, सावली कमी. गुडघेदुखी असलेल्यांनी रिक्षाने कमलापूरच्या बाजूने वाहनतळावर जावं; तिथून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मंदिरापर्यंत नेतात. तिकीट खिडकी उघडते त्या वेळेला पोचा.

पन्नासची नवी नोट काढा आणि मागची बाजू बघा: तोच दगडी रथ. तो एकाच दगडात कोरल्यासारखा वाटतो, पण जवळ गेलात की सांधे दिसतात. अनेक शिळा जोडून केलेलं हे गरुडाचं देऊळ आहे. पुढचे हत्तीही मूळचे नव्हेत. त्यांच्या मागे वाकून बघा, घोड्यांच्या शेपट्या आणि मागचे पाय अजून तिथे आहेत. रथाभोवती आता कठडा आहे आणि सप्तस्वरांच्या खांबांवर टकटक करायला बंदी. कुणी हळूच वाजवून दाखवतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. वारकरी परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इथे आणली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली. इतिहासकारांची मतं काहीही असोत, पंढरीची वारी केलेली आजी बरोबर असेल तर तिला त्या उंबऱ्याशी थोडा वेळ द्या.

तिकीट ४० रुपये, पट्टदकललाही तेवढंच. बदामीसारख्या ठिकाणी २५. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमलमहालाच्या आवारातही चालतं, पण चाळीस रुपये वाचवायला दोन्ही एका दिवसात बसवू नका.

तिसरा दिवस: राजवाड्यांचा भाग

सायकल किंवा दुचाकी भाड्याने घ्या. दुचाकीसाठी परवाना लागतो. मूळ आधार कार्ड दुकानात ठेवू नका, झेरॉक्स द्या. ब्रेक, टायर बघून, गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढून मगच निघा.

वाटेत लक्ष्मी-नरसिंह लागतो. १५२८ मध्ये एकाच शिळेतून घडवलेला, ६.७ मीटर उंच. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, पण मूर्तीच्या मागच्या बाजूला जाऊन बघा, नरसिंहाच्या पाठीवर तिचा हात अजून टेकलेला आहे. शेजारी पाण्यात उभं असलेलं बडवीलिंग. पुढे जनाना, कमलमहाल, हत्तींसाठी अकरा घुमटांच्या खोल्या, हजारराम मंदिराच्या भिंतीवरचं रामायण, महानवमी दिब्बा (उंच दगडी चौथरा) आणि काळ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी. दिब्ब्यावर चढून चहूकडे बघितलं की दगडी जोत्यांच्या रांगाच रांगा दिसतात. वरचे लाकडी महाल गेले, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर शहर लुटलं गेलं, आणि उरली ती जोती. शेवटी कमलापूरचं संग्रहालय: तिथे सगळ्या परिसराची प्रतिकृती मांडली आहे. काही लोक ते आधी बघा म्हणतात. मला शेवटी बघणं आवडतं, कारण तेव्हा प्रत्येक ठिपक्याशी आपली ओळख झालेली असते.

चौथा दिवस: आनेगुंदी

होडीने पलीकडे किंवा कडेबागिलू पुलावरून दुचाकीने. अंजनाद्री टेकडीला ५७५ पायऱ्या, उजाडताना चढा. मारुतीचं जन्मस्थान म्हणून शनिवारी-मंगळवारी झुंबड असते. आनेगुंदी गाव जुनं, निवांत. सानापूर तलावाकडे गोल टोपलीसारख्या होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगावर चढवूनच, दर आधी ठरवा आणि "गोल फिरवू का?" विचारलं तर पोटाचा विचार करून उत्तर द्या. तुंगभद्रेत पोहायला उतरू नका. वरून संथ दिसते, खाली खडक आणि ओढ आहे. अंधार पडल्यावर निर्जन वाटांवर, कालव्याकाठी थांबू नका. परिसरात बिबटे आणि अस्वलंही आहेत.

बॅगेत काय

टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या आणि सुती मोजे. मोजे यासाठी की देवळांत चपला काढाव्या लागतात आणि अकरानंतर फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. छोटी बॅटरी लेण्यांच्या कोपऱ्यांत उपयोगी पडते. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण ऐहोळेच्या बाजूला नेटवर्क दगा देतं आणि मग फोनवरून पैसेही जात नाहीत. दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ असू द्यात. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय उडवता येत नाही. ट्रायपॉडलाही परवानगी लागते.

जेवणासाठी 'खानावळी' अशी पाटी शोधा. भाकरी, भरल्या वांग्याची येण्णेगाई, कोशिंबीर, ताक, भात असं पोटभर मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी भाकरी मागाल तितकी. संध्याकाळी मिरची भजी आणि गिरमिट, म्हणजे चुरमुऱ्यांचा तिखट भेळीसारखा प्रकार. हंपी गावातल्या पिझ्झा-पास्त्याच्या पाट्यांकडे दुर्लक्ष केलंत तर काही बिघडत नाही.

परत निघताना

परतीच्या गाडीची वेळ बघूनच शेवटचा दिवस आखा आणि हंपीहून निदान दोन तास आधी निघा. होसपेटचा बस स्टँड आणि रेल्वे स्टेशन वेगळ्या ठिकाणी आहेत, मधे रिक्षा करावी लागते. रात्रीचं जेवण होसपेटमधूनच बांधून घ्या. भाकरी आणि शेंगाचटणी सांगा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकते.